एक लॅपटॉप, ३४ मुलं आणि चॅटबॉट: आठवीच्या वर्गातल्या कामाच्या नोंदी

खेड्यातली शाळा, एक जुना लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट, एवढ्यावर आठवीच्या मुलांना चॅटबॉट, म्हणजे प्रश्न टाईप केला की उत्तर लिहून देणारा प्रोग्राम, शिकवायचा प्रयत्न केला, त्याच्या या नोंदी. ज्यांना हेच करायचंय त्यांनी निदान माझ्या चुका तरी परत करू नयेत म्हणून जसं झालं तसं लिहितेय.

७ जुलै

तयारी. शनिवार-रविवार धरून दोन दिवस स्लाइड बनवण्यात घालवले, ४२ झाल्या. एआय म्हणजे काय, न्यूरल नेटवर्क कसं चालतं, इतिहास, सगळं त्यात. आज सकाळी एकदा स्वतःशीच मोठ्याने वाचून बघितलं आणि लक्षात आलं की यातलं एक वाक्यही मुलांच्या कानात टिकणार नाही. सगळं बाजूला ठेवलं. दोन दिवस गेले.

एक गोष्ट मात्र आधीच बघून ठेवली हे बरं झालं, वयाची अट. बहुतेक चॅटबॉटच्या नियमात १३ वर्षांखालच्या मुलांनी वापरायचं नाही असं आहे, १८ च्या आत असेल तर पालकांची परवानगी लागते, काही ठिकाणी तर सरळ १८ पूर्ण पाहिजेत. युनेस्कोनेही सप्टेंबर २०२३ मध्ये ज्या सूचना काढल्या त्यात वर्गात वापरायला किमान वय १३ म्हटलंय. माझ्या वर्गात काही मुलं अजून १२ चीच आहेत. म्हणून ठरवलं की कोणाचंही अकाउंट काढायचं नाही, टाईप मी करणार, माझ्या अकाउंटवरून, सगळ्यांना दिसेल असं पडद्यावर. मुलांनी फक्त प्रश्न ठरवायचे. पालकांना चिठ्ठी पाठवली की काय करणार आहोत आणि काय करणार नाही.

९ जुलै

पहिला तास. फसला.

सरळ चॅटबॉट उघडून दाखवायचा असं ठरवलं होतं. हॉटस्पॉट दोनदा तुटला, तिसऱ्यांदा लागला तेव्हा तासातली २५ मिनिटं गेली होती. मग मी विचारलं "पाऊस का पडतो", तर उत्तर आलं ते इतकं लांबलचक की पडदाभर मजकूर, बाष्पीभवन, संघनन, वायुदाब, मुलं नुसती बघत बसली. मागच्या बाकावरच्यांना अक्षरंच दिसत नव्हती.

पण तास संपता संपता एका मुलाने विचारलं, "बाई, तिकडून कोण लिहितंय?"

मी म्हटलं कोणी नाही, मशीन लिहितंय. त्याला पटलं नाही. अजून चार-पाच जणांना पटलं नाही, कारण अक्षरं एकेक करून येत होती ना, माणूस टाईप करतो तशी. घरी येताना डोक्यात तोच प्रश्न होता आणि वाटलं की सुरुवात इथूनच करायला पाहिजे होती. पडदा नंतर. आधी कोण लिहितंय ते.

११ जुलै

आज वीज नव्हती आणि लागलीही नाही. कागदाचा चॅटबॉट केला.

जोसेफ वायझेनबाउम नावाच्या माणसाने १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात एलायझा नावाचा प्रोग्राम केला होता, त्यात समजणं वगैरे काही नव्हतं, वाक्यात ठराविक शब्द सापडला की ठराविक उत्तर द्यायचं, एवढंच. तरी लोक त्याच्याशी मनातलं बोलायला लागले होते. मी तसेच २५ नियम कार्डशीटवर लिहिले. उदाहरणार्थ, वाक्यात "आई" आलं तर लिही "घरच्यांबद्दल अजून सांग". "पाणी" आलं तर लिही "पाण्याचं काय झालं?". काहीच सापडलं नाही तर "असं का वाटतं तुला?". कपाटाच्या मागे एका मुलीला कार्डं देऊन बसवलं, बाकीचे चिठ्ठीवर वाक्य लिहून आत पाठवणार, ती उत्तर लिहून बाहेर पाठवणार. तिला एकच अट, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, कार्ड सांगेल तेच.

पहिल्या दहा मिनिटांत अडकलो. एकाने लिहिलं, "काल मी पाण्यात पडलो". आतून उत्तर आलं, "असं का वाटतं तुला?". सगळे हसले, तो मुलगा म्हणाला की पाण्याचं कार्ड आहे की! आतली मुलगी कार्ड हातात धरून बाहेर आली आणि म्हणाली, "कार्डावर पाणी आहे, याने पाण्यात लिहिलंय. पाणी कुठेय यात?" ती अगदी बरोबर होती. नियम तिने काटेकोर पाळला होता, चूक नियम लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी. मग पुढची वीस मिनिटं आम्ही पाणी-पाण्यात-पाण्याला-पाण्याचं, घोडा-घोड्याला, फूल-फुलाचं अशी कार्डं वाढवत बसलो आणि २५ ची ६० झाली तरी संपेनात. सामान्यरूप मी चार वर्षं व्याकरणात शिकवतेय, मुलांनी एवढ्या पोटतिडकीने त्यावर वाद घातलेला मी पहिल्यांदा बघितला.

दुरुस्ती: एका मुलीवर सगळा भार पडून रांग लागते. तीन जणांना आत बसवा, प्रत्येकाला वेगळी कार्डं द्या. आणि नियम आधी १० च ठेवा.

१४ जुलै

पुढचा शब्द ओळखायचा खेळ. फळ्यावर लिहिलं, "आभाळ भरून आलं आणि ___". प्रत्येकाने एकच शब्द चिठ्ठीवर लिहायचा, शेजाऱ्याचं बघायचं नाही. मोजणी: पाऊस २६, वारा ४, अंधार २, वीज १, आई १.

"आई" कुणी लिहिलं ते विचारलं. एक मुलगी उठून म्हणाली, "आभाळ भरून आलं आणि आई ओरडली, कपडे आत घे." कितीतरी बरोबर आहे ते.

मग सगळ्या ३४ चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या, न बघता एक काढायची, तो शब्द फळ्यावर पुढे लिहायचा, मग त्याच्या पुढच्या शब्दासाठी परत चिठ्ठ्या. बहुतेक वेळा पाऊस निघतो, पण एकदा आई निघाली आणि वाक्य दुसरीकडेच गेलं. एकच प्रश्न दोनदा विचारला तर चॅटबॉट वेगळं उत्तर का देतो, हे याच्याइतकं सोपं मला दुसऱ्या कशाने सांगता आलं नसतं. आजचे चॅटबॉट कार्डांच्या नियमावर चालत नाहीत, माणसांनी लिहिलेल्या प्रचंड मजकुरावरून पुढे काय यायची शक्यता जास्त ते शिकतात आणि एकेक तुकडा निवडत जातात. म्हणूनच ती अक्षरं तशी येतात. ९ तारखेच्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं असं मी त्या मुलाला मुद्दाम सांगितलं.

इथे एक घोटाळा झाला. मुलांनी धरून टाकलं की जास्त मतं पडली ते उत्तर बरोबर. म्हणून लगेच दुसरं वाक्य दिलं, "चीनची भिंत चंद्रावरून ___". ३४ पैकी ३१ जणांनी लिहिलं "दिसते". फळ्यावर गणित केलं. चंद्र साधारण ३,८४,००० किलोमीटरवर, भिंत ६ मीटर रुंद धरली, तर ते म्हणजे डोक्याचा एक केस साडेचार किलोमीटरवरून बघण्यासारखं. दिसत नाही. वर्ग एकदम शांत झाला. पुष्कळ लोक तसं म्हणतात म्हणून पुष्कळ ठिकाणी तसं लिहिलं जातं, आणि लिहिलेलं वाचूनच मशीन शिकतं, एवढं सांगून थांबले. (नंतर चॅटबॉटला हाच प्रश्न विचारला तेव्हा त्याने बरोबर उत्तर दिलं, दिसत नाही म्हणाला. तेही मुलांना दाखवलं. चूक झाली की दाखवायची आणि बरोबर आलं की लपवायचं, असं करून चालणार नाही.)

१६ जुलै

धड्याच्या पहिल्या दोन पानांतला प्रत्येक शब्द आणि त्याच्या पुढचा शब्द अशा पट्ट्या कापल्या, एका शब्दाच्या पट्ट्या एका गठ्ठ्यात. मग एका शब्दापासून सुरुवात करून त्याच्या गठ्ठ्यातून पट्टी काढत वाक्य बनवायचं. १९१३ मध्ये मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने एका काव्यातली २०,००० अक्षरं हाताने मोजून स्वरानंतर स्वर येतो की व्यंजन ते बघितलं होतं, हे सांगितल्यावर मुलांना पट्ट्या कापायचा कंटाळा जरा कमी आला.

कापून, लावून झालं आणि वीज आली. पंखा चालूच राहिलेला होता. दीड तासाचं काम वर्गभर उडालं.

१८ जुलै

परत केलं, या वेळी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांत, वर शब्द लिहून. बटण बंद आहे का ते आधी बघितलं. वाक्यं तयार झाली ती ऐकायला बरोबर पण अर्थ काहीच नाही, व्याकरण जुळतंय आणि गोष्ट जुळत नाही. एका गटाने विचारलं की मागचा एकच शब्द न बघता दोन बघितले तर? करून बघितलं, वाक्यं जरा सुधारली पण पट्ट्या कमी पडल्या, बऱ्याच वेळा धड्यातलंच वाक्य जसंच्या तसं बाहेर यायला लागलं. हे मुलांनी स्वतः शोधलं. इथे एक तास जास्तीचा दिला आणि तो सार्थकी लागला.

२१ जुलै

आता पडदा. तयारी या वेळी अशी: मोबाईल खिडकीच्या वरच्या गजाला बांधून ठेवला, तिथे नेटवर्क टिकतं. अक्षरांचा आकार दुप्पट केला. खिडक्यांना चादरी. आणि नेट गेलंच तर दाखवायला आदल्या रात्री घरी चार प्रश्नोत्तरांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. हे स्क्रीनशॉट सगळ्यात महत्त्वाचे, पुढे दोनदा त्यांच्यावरच तास चालवला. नुसता मजकूर असेल तर डेटा फार लागत नाही, अडचण डेटाची नसून नेट मध्येच तुटण्याची आहे.

बोलून टाईप करायचा प्रयत्न सोडून दिला. ३४ मुलांच्या गलक्यात ते काहीतरी तिसरंच लिहितं आणि मुलांच्या बोलीतले शब्द त्याला कळत नाहीत. प्रश्न आधी वहीत लिहायचा, गटाने एकमताने ठरवायचा, मग मी टाईप करणार. हळू होतं, पण वहीत लिहिताना प्रश्न सुधारतो.

आज "स्वातंत्र्य या शब्दात किती अक्षरं" विचारलं. मुलांनी बोटांवर मोजली, स्वा-तं-त्र्य, तीन. चॅटबॉट पाच म्हणाला, परत विचारलं तर चार. मुलांना धक्काच बसला, एवढं मोठं उत्तर देणाऱ्याला हे येत नाही? कारण सांगितलं की त्याला शब्द अक्षरांनी दिसतच नाही, तुकड्यांनी दिसतो, आणि मराठीचे तुकडे इंग्रजीपेक्षा सहसा जास्त पडतात. कॉम्प्युटरच्या साठवणीत "स्वातंत्र्य" म्हणजे ११ चिन्हं आहेत, स, हलन्त, व, काना असं एकेक धरून, आणि प्रत्येकाला तीन बाइट (बाइट म्हणजे साठवणीचं माप) लागतात. ती ११ चिन्हं एका मुलाने फळ्यावर येऊन सुटी करून दाखवली, मला एकदाही सांगावं लागलं नाही.

२४ जुलै

मुलांचे स्वतःचे प्रश्न. एका गटाचा प्रश्न, "आमच्या शाळेमागची विहीर कधी बांधली?" गावाचं नाव घालून विचारला.

उत्तर सफाईदार आलं. १९६८ साल, गावातल्या एका दानशूर गृहस्थांनी बांधली, त्यांचं नावसुद्धा. मुलं खूश झाली, वहीत लिहून घ्यायला लागली. मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं की घरी विचारून या आणि विहिरीवर जाऊन बघून या.

याच तासाला एका मुलाने वडिलांच्या आजारपणाबद्दल विचारायचं म्हणून वडिलांचं नाव आणि फोन नंबरसकट प्रश्न लिहून दिला. मी टाईप केला नाही. हे मी पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं आणि राहून गेलं होतं. आता दारावर कागद लावलाय: नाव, फोन, घरचा पत्ता, आजार, घरातली भांडणं यातलं काही लिहायचं नाही. त्या मुलाला वेगळं बसवून सांगितलं की हा प्रश्न डॉक्टरला विचारायचा, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आले.

२५ जुलै

त्या नावाचं माणूस गावात कधी कुणी ऐकलेलं नाही. तीन मुलांनी आजोबांना विचारलं, तिघांनीही सांगितलं की ते लहान असताना विहीर होतीच. विहिरीच्या काठावर आतल्या बाजूला एक दगड आहे, शेवाळ धरलेला, त्यावर काहीतरी कोरलंय. मी बरोबर गेले, दोघा मोठ्या माणसांनाही घेतलं, कारण काठ निसरडा आहे. दगडावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली तर "१९३" असं उमटलं. चौथा आकडा झिजलाय.

वर्गात परत तोच प्रश्न नव्या चॅटमध्ये विचारला. या वेळी साल १९५४. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. एकजण म्हणाला, "बाई, हा डब्यातनं चिठ्ठी काढतोय." १४ तारखेचा डबा त्याच्या लक्षात होता. आमच्या विहिरीबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही, मग त्याने वाचणार कुठून, पण वाक्य तर पुरं करायचंच असतं, म्हणून शोभेल असं साल आणि शोभेल असं नाव.

मग मुलांनी विहिरीवर एक पान लिहिलं, दगड, आजोबांचं म्हणणं, खोली, पाणी कधी आटतं ते. ते पान चॅटमध्ये टाकून विचारलं तर उत्तर बरोबर आलं, चौथा आकडा माहीत नाही हेसुद्धा सांगितलं. सगळ्यांना वाटलं की आता त्याला कळलं. नवीन चॅट उघडून विचारलं (मेमरीची, म्हणजे आधीच्या चॅटमधलं लक्षात ठेवायची, सोय मी बंदच ठेवली होती), परत तिसरंच साल. आपण सांगितलं म्हणजे तो शिकला असं होत नाही, हे शब्दांनी सांगून पटलं नसतं.

३१ जुलै

आज माझ्याकडून चूक झाली. "माझी आजी" निबंध तपासताना तीन निबंध एकाच साच्याचे निघाले, घरच्यांच्या मोबाईलवरून करून आणलेले. मी वर्गासमोर त्या तिघांना उभं करून बोलले. एक मुलगी रडली. चॅटबॉट वर्गात मीच आणला आणि घरी वापरू नका किंवा कसा वापरा हे मी एकदाही बोलले नव्हते, मग राग कशाचा?

१ ऑगस्ट

सगळ्यांसमोर माफी मागितली. मग तिघांच्या परवानगीने ते निबंध वाचायला घेतले, नावं न सांगता. काम एवढंच, जे वाक्य फक्त हीच मुलगी लिहू शकते त्याखाली रेघ मारा. तीन निबंधांत मिळून एकही रेघ पडली नाही. एका निबंधात आजी शेकोटीपाशी बसून नातवंडांसाठी स्वेटर विणते. जिचा निबंध तिनेच हात वर केला, "माझ्या आजीने कधी सुई धरली नाही, तिला दिसत नाही नीट."

आजी काय करते मग? "शेळ्या मोजते. आकड्याने नाही, नावाने. सगळी नावं घेते आणि ज्या नावाला हालचाल ऐकू येत नाही ती शेळी आली नाही म्हणते."

हेच लिही म्हटलं. तिने दीड पान लिहिलं. त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या आम्ही चॅटबॉटला विचारून दुरुस्त केल्या आणि त्याने बदललेली दोन वाक्यं तिने परत जशीच्या तशी करून घेतली, "माझी आजी असं बोलत नाही" म्हणून.

४ ऑगस्ट

प्रश्न नीट विचारायचा सराव. "पाऊस का पडतो" याच्या जागी "आठवीतल्या मुलाला समजेल असं ५ वाक्यांत सांग, अवघड शब्द आला तर त्याचा अर्थ दे". फरक लगेच दिसला. अपूर्णांकांवर १० उदाहरणं उत्तरांसकट मागितली, सातव्याचं उत्तर चुकीचं होतं, दोन गटांनी पकडलं. आधी स्वतः सोडवा, मग त्याचं उत्तर बघा, हा क्रम उलटा केला की कुणी पकडत नाही, तेही बघितलं.

पालकांपैकी काहींची काळजी होती की यामुळे मोबाईल अजूनच हातात राहील. रास्त आहे. त्यांना वर्गात येऊन बसायला सांगितलं, चार जण आले, दोघांनी स्वतः प्रश्न विचारले.

७ ऑगस्ट

हिशेब. एकूण १४ तास वापरले, त्यातले ४ वाया: पहिला फसलेला, पंख्याने उडवलेले दोन, आणि आवाजी टायपिंगच्या नादात गेलेला एक. परत केलं तर ११ जुलैपासून सुरू करीन, पडदा दुसऱ्या आठवड्याच्या आत आणणार नाही, आणि काय लिहायचं नाही तो कागद पहिल्या दिवशी लावीन. पट्ट्यांचा खेळ ज्यांना वेळ नाही त्यांनी सोडला तरी चालेल, डब्यातल्या चिठ्ठ्या सोडू नका.

मुलं मला काल संध्याकाळी परत विहिरीवर घेऊन गेली. अंधार पडताना टॉर्च दगडाला अगदी चिकटून आडवी धरली की झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात. चौथा आकडा काही जणांना ४ वाटतो, काही जणांना ८. विहिरीच्या पानावर आता दोन्ही आकडे लिहिलेत, शेजारी कोणाला काय दिसलं त्यांची नावं.

(दोन्ही आकड्यांचं हे नवं पान वर्गाच्या भिंतीवर आहे, चॅटबॉटमध्ये टाकलेलं नाही.)